'आप' म्हणायला शिकताना

कवितेत एखादा शब्द अडला, की मी दिवसचे दिवस तिथेच थांबतो. निर्दोष ओळ सुचेपर्यंत कागद कोराच राहतो. अशा वेळी मला आमच्या जिल्ह्यातलं, तळोदा तालुक्यातलं मोरवड आठवतं.

१९३०च्या दशकात तिथल्या भिल्ल समाजातल्या गुलाम महाराजांनी लोकांना साध्याच गोष्टी सांगितल्या. दारू सोडा, रोज आंघोळ करा, स्वच्छ राहा आणि एकमेकांना 'आप' म्हणा. सावकार आणि अंमलदार ज्यांना अरे-तुरे करत, ती माणसं परस्परांना आदराने हाक मारू लागली. सोमवारच्या आरतीला सातपुड्यातून हजारो लोक जमत. १९३८ मध्ये महाराज गेले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे चालवलं.

आमच्या घरात 'आप' पूर्वापार होतं, वडीलधाऱ्यांसाठी, पाहुण्यांसाठी. पण लाकडाची मोळी घेऊन दारी येणाऱ्या म्हाताऱ्या आदिवासी बाबांना मी पोरवयात बेधडक 'तू' म्हणत असे. मोरवडचा इतिहास पुढे वाचला, तेव्हा शरम वाटली.

महाराजांनी सांगितलेलं सारं रोज नव्याने करायचं होतं. आंघोळ काही एकदा करून संपत नाही. 'आप'चंही तसंच. आजही बाजारात भाजीची घासाघीस करताना कधी जीभ घसरते, तोंडून 'तू' निघून जातं. मी थांबतो आणि तेच वाक्य पुन्हा, नीट बोलतो. कवितेची अडलेली ओळ उद्यावर टाकता येते. हे वाक्य टाकता येत नाही.