कोळशाच्या गावातला गोंगाट

रूहर हे नाव आपण बहुतेकांनी भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं असतं. कोळसा, पोलाद, जर्मनीचा औद्योगिक पट्टा. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. मी गडचिरोलीत शिकवतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, दुर्गापूर ही कोळशाचीच गावं, त्यामुळे रूहर समजावायला मुलांपुढे फार कष्ट पडत नाहीत. पण 1980च्या दशकात त्या पट्ट्यातून एक संगीतही बाहेर पडलं, ते पाठ्यपुस्तकात नाही. त्याला थ्रॅश मेटल म्हणतात. अतिशय वेगवान गिटार, न थांबणारे ड्रम आणि गाण्यापेक्षा ओरडण्याच्या जवळ जाणारा आवाज. माझा कान गझल-कव्वालीवर वाढलेला; हे संगीत मला आवडतं असं मी म्हणणार नाही. त्याचा इतिहास मात्र आपल्या भागातल्या माणसाने जाणून घ्यावा असा आहे.

गेल्सेनकिर्खेन या खाणीच्या शहरात 1963 साली थॉमस झूख नावाचा मुलगा जन्मला. शिक्षण आटोपून तो कोळशाच्या खाणीत उतरला. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने मित्रांबरोबर बँड काढला आणि स्वतःला टॉम एंजलरिपर हे नाव घेतलं. खाणीतून सुटका हवी होती, हे त्याने पुढे मुलाखतींत उघडपणे सांगितलं. बँडचं नाव ठेवलं सोडोम. हे नाव वाचून आपल्यापैकी अनेकजण दचकतील, कारण ती हजरत लूत अलैहिस्सलाम यांच्या कौमची वस्ती. कुरआनात त्या कौमचा किस्सा येतो, वस्तीचं नाव येत नाही. नाव बायबलमध्ये आहे. ख्रिस्ती घरांत वाढलेल्या या पोरांना वडीलधाऱ्यांना जास्तीत जास्त टोचेल असंच नाव हवं होतं. इंग्लंडच्या व्हेनम या बँडचं पाहून त्यांनी सैतान, कबरी, काळी जादू असं सगळं गाण्यांत भरलं. 1985 मध्ये त्यांची पहिली छोटी रेकॉर्ड आली. ती इतकी ओबडधोबड होती की कित्येकांनी चेष्टा केली.

पण माणसं वाढतात, तसे बँडही वाढतात. 1987 च्या रेकॉर्डपासून सोडोमच्या गाण्यांत सैतान मागे पडला आणि युद्ध पुढे आलं. 1989 च्या अल्बमला त्यांनी ‘एजंट ऑरेंज’ हे नाव दिलं. व्हिएतनामच्या जंगलांची पानं झडावीत, लपायला जागा उरू नये, म्हणून अमेरिकेने विमानांतून फवारलेलं हे रसायन. जंगलाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला याचा अर्थ फोड करून सांगायला नको. तो अल्बम जर्मनीच्या विक्रीच्या यादीत चढला.

गेल्सेनकिर्खेनला लागूनच एसेन शहर आहे. तिथल्या आल्टेनएसेन या कामगार वस्तीत 1982 च्या सुमाराला शाळकरी पोरांनी दुसरा बँड सुरू केला. दोन-तीनदा नावं बदलून तो क्रिएटर झाला. 1985 मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा गाणारा आणि गिटार वाजवणारा मिले पेट्रोझा 17 वर्षांचा होता. त्याचं आडनाव जर्मन नाही. वडील इटलीहून आलेले. पश्चिम जर्मनीने 1955 मध्ये इटलीशी आणि 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हणत, म्हणजे काम करा आणि परत जा. पाहुणे राहिले, मुलं झाली, मशिदी उभ्या राहिल्या. अशाच एका घरातला मुलगा पुढे त्या शहराची जगभर ओळख झाला. 2012 मध्ये क्रिएटर बेंगळुरूलाही येऊन वाजवून गेला.

एवढा गोंगाट करायला त्यांना जागा कुणी दिली? उत्तर आल्टेनएसेनमध्येच आहे. तिथली कार्ल नावाची जुनी खाण बंद पडली होती. 1970च्या दशकाच्या अखेरीला वस्तीतल्या तरुणांनी आणि काही मोठ्या माणसांनी आग्रह धरून तिच्या इमारती वाचवल्या आणि तिथे सांस्कृतिक केंद्र सुरू केलं. क्रिएटरचा सराव तिथेच चालायचा. ज्या आवारात आधीच्या पिढ्या पाळीवर जात, तिथे ही पोरं ड्रम बडवत होती.

यापूर्वी मी काही वर्षं चंद्रपूरच्या एका कोळसा वसाहतीजवळच्या शाळेत होतो. तिथल्या मुलांना वडिलांची पाळी पाठ असायची. रात्रपाळी असेल तर दिवसभर घरात आवाज करायचा नाही, टीव्ही लावायचा नाही. मैदानात ओरडलं तरी कुणीतरी खिडकीतून रागवायचं. रागवणाऱ्याचंही चूक नव्हतं, त्याला रात्री पुन्हा खाली उतरायचं असायचं. पण त्या वयाच्या मुलाने आवाज करायचा तरी कुठे?

संगीताने रोजगार वाचत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. 1950च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या कोळसा उद्योगात सुमारे 6 लाख माणसं होती. एसेनची प्रसिद्ध झोलफेराइन खाण 1986 मध्ये बंद झाली, त्याच वर्षी क्रिएटरचा दुसरा अल्बम आला. 21 डिसेंबर 2018 रोजी बोट्रोपची शेवटची दगडी कोळशाची खाणही बंद झाली. तरी झोलफेराइन आज जागतिक वारसास्थळ आहे आणि कार्लमध्ये अजून कार्यक्रम होतात.

आपल्याकडे वरोऱ्याची इंग्रजांच्या काळातली खाण 1906 मध्येच बंद पडली. आजच्या वेकोलिच्या खाणींनाही कधीतरी शेवट आहे, आणि सूरजागडच्या लोखंडालाही. खाण संपली की वर्कशॉप, कॅन्टीन, क्वार्टर मागे राहतात. त्यांना कुलूप घालायचं, भंगारात काढायचं की त्यातली एखादी खोली वस्तीतल्या पोरांना द्यायची, हे नगरपरिषद, युनियन आणि आपल्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी आधीच बोलून ठेवायला हवं. त्या खोलीत पोरं काय वाजवतील ते आपल्याला आवडेलच असं नाही. आल्टेनएसेनच्या म्हाताऱ्यांनाही ते आवडलं नसावं.