बिलोलीच्या आजी : शुश्रूषा आणि गोधडी

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत वकील, शिक्षक, व्यापारी व दाते यांची चरित्रे आपण दरवर्षी आदराने वाचतो. काही घराण्यांच्या वंशावळीही येथे छापल्या गेल्या आहेत. आमच्या घराण्याच्या वंशावळीत आजींचे नाव नाही. आजोबांच्या नावाखाली एकदम मुलांची नावे येतात. ती मुले, आणि बिलोलीतील इतर कित्येक घरांची मुले, ज्यांच्या हातांवर प्रथम आली त्या आजींचे स्मरण करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आजी लग्न होऊन बिलोलीस आल्या तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. बाजारात मराठी, तेलुगू व उर्दू या तिन्ही भाषा कानी पडत. या तालुक्यातून वाहणारी मांजरा पुढे गोदावरीस मिळते. पावसाळ्यात ओढेनाले भरले म्हणजे नांदेडचा दवाखाना बैलगाडीने गाठणे अशक्यप्राय होई. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ पासून स्त्रियांच्या शिक्षणाचे कार्य आरंभिले व पुढे परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय केली. बिलोलीच्या सुनेला मात्र तसे विद्यालय नव्हते. तिची गुरू एकच, गावची सुईण.

ही सुईण मातंग समाजातील होती. आजी तिला मावशी म्हणत. पोट चोळून गर्भाची बैठक ओळखणे, कळा कच्च्या की पक्क्या हे जाणणे, वार पडेपर्यंत धीर न सोडणे, ही सारी विद्या आजींनी मावशींपासून घेतली. नाळ कापण्याचे पाते उकळत्या पाण्यातून काढल्यावाचून वापरावयाचे नाही, हा नियम मात्र आजींनी पुढे एका डॉक्टरीणबाईंकडून ऐकून घेतला आणि मावशींनाही शिकविला. अस्वच्छ पात्याने नवजात अर्भकांस धनुर्वात होई आणि आठवड्याच्या आत पाळणा रिकामा होई. भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. त्या मागच्या काळात एक पाते उकळणे ही केवढी गोष्ट होती, हे त्यावरून ध्यानी यावे.

येथे एक गोष्ट लिहिणे आम्हांस प्राप्त आहे. बाळंतिणीस दहा दिवस सोयर. तेवढे दिवस मावशींचा हात चाले. त्या बाळाला न्हाऊ घालीत, शेक देत, मळ उपसत. सोयर फिटली की तोच हात विटाळाचा ठरे. धान्य व जुने लुगडे त्यांना अंगणातूनच मिळे, तेही वरून टाकून. ज्या हातांनी आमचे वडील जन्मास आणले, त्या हातांना आमच्या घरी पाण्याचा तांब्या कधी मिळाला नाही.

आजींचे दुसरे व्यसन म्हणजे गोधडी. दुपारची कामे आटोपली की जुनेर धुऊन अंगणात अंथरावयाचे, थरावर थर लावून चहूंकडून टाचावयाचे, आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जावयाचे. नव्या कापडाचा दाह कोवळ्या अंगास होतो, म्हणून बाळाचे दुपटे मऊ जुनेराचेच, असा त्यांचा आग्रह असे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर ज्या बाया दिवस भरत आले तरी जात, त्यांच्याकरिता आजींनी ठिगळे जोडून अशी कितीतरी दुपटी शिवली. कोणाच्या जातीची, हा प्रश्न त्या वेळी त्यांनी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आजींच्या पश्चात त्यांची मोठी गोधडी आमच्याकडे आली. आम्ही भावंडे लहानपणी तिच्याच उबेत निजलो होतो. वरचा पदर विरून फाटला तेव्हा आतल्या थरात एक हिरवा पट्टा दिसला. थोरल्या आत्याबाईंनी तो तत्काळ ओळखला. तो मावशींच्या लुगड्याचा होता. त्यांच्या अखेरच्या आजारात आजी रात्री लपून त्यांच्या शुश्रूषेस जात, आणि त्यांच्या मागे लुगड्याचा तेवढा तुकडा त्यांनी मागून आणला होता. सासूबाईंच्या भयाने तो त्यांनी आतल्या थरात शिवला.

हे धैर्य म्हणावे की भय? आम्हांस वाटते, दोन्ही. आजींनी दार उघडले नाही, हे आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. परंतु ज्या घरात मावशींना उंबरा वर्ज्य होता, त्या घराची सारी नातवंडे त्यांच्याच लुगड्याखाली निजत होती, हेही तितकेच सत्य होय.

आता बाळंतपणे दवाखान्यात होतात, आणि ते सर्वथा इष्ट आहे. तथापि आपल्या समाजातील प्रत्येक कुटुंबास आमची विनंती आहे की, पुढील स्मरणिकेसाठी वंशावळ पाठविताना घरातील आजी-पणजींची नावे तीत अवश्य घालावी. आणि त्यांच्या खाली, आपल्या वाडवडिलांना ज्या सुईणीने प्रथम हातांत घेतले, तिचेही नाव, ती कोणत्याही जातीची असो, स्मरणात असल्यास लिहावे. आमच्या वंशावळीत आम्ही या वर्षी दोन्ही नावे लिहिली आहेत.