पेशीच्या आतला डोळा

वार्नोविइड या एकपेशीय सागरी जिवाचा डोळा बाहेरून आलेला असण्याची शक्यता एकेकाळी मांडली गेली होती. ती आता टिकत नाही. 1884 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ हर्टविगने अशा जिवाचे वर्णन केले तेव्हा त्या जिवाने जेलीफिशचा डोळा गिळला असावा, असा आक्षेप निघाला. साध्या सूक्ष्मदर्शकातून त्याचे निर्णायक उत्तर मिळणे कठीण होते. 2015 मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी आयनांच्या झोताने पेशीचे अतिसूक्ष्म थर खरवडत प्रत्येक उघड्या पृष्ठभागाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्र घेतले आणि त्यांतून त्रिमितीय रचना उभी केली. भिंगावरचा पारदर्शक थर तंतुकणिकांचा निघाला, मागचा दृष्टिपटलासारखा भाग लवकांच्या जाळ्याचा. म्हणजे पेशीने स्वतःच्याच अंगकांतून हा अवयव घडवला, आणि ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे. रसायनांत स्थिर केलेल्या मृत पेशीत रचना बिघडू शकते, ही शंका रास्त आहे. पण त्या मागच्या भागातून मिळवलेल्या डीएनएनेही लवकांचीच साक्ष दिली. दोन स्वतंत्र पद्धतींत एकच चूक व्हावी, हे पटण्याजोगे नाही. मात्र रचना कळली म्हणून दृष्टी सिद्ध होत नाही. या जिवाला नेमके काय दिसते, हे चित्रांवरून ठरवू नये.