केवढा मोठा?

डोकं सांभाळा, वरून कपच्या पडताहेत.

तुम्ही इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आलात. खाली कुकडी वाहते आहे. पलीकडे जुन्नरच्या पेठेत नाणेघाट चढून आलेल्या जनावरांच्या पाठीवरची ओझी उतरताहेत. तुम्ही मात्र लेण्याद्रीच्या डोंगराच्या अंगावर आहात. समोर पाथरवट छतापासून सुरुवात करून कातळ खाली खाली खोदत निघाले आहेत. आत्ता तुमचे पाय जिथे टेकले आहेत, तिथे लेणं पूर्ण झाल्यावर फक्त हवा असेल.

जरा काळ पुढे सरकू द्या आणि तयार झालेल्या चैत्यगृहात शिरा. आज आपण याला सहावं लेणं म्हणतो. कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या दात्याने ते दान दिल्याचा लेख इथे कोरलेला आहे. खांबांवरून नजर वर न्या. माथ्यावर हत्ती बसलेत, सिंह बसलेत. शेजारचं सातवं लेणं त्याहून चकित करतं. पुढे गिरिजात्मज गणपतीचं स्थान झालेला हा विहार सुमारे 17 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद आहे, पण आधाराला आत एकही खांब नाही. एवढा डोंगर डोक्यावर आणि खाली मोकळी जागा. तेवढ्यात हातात दिवा घेतलेला एक भिक्षू दालन ओलांडून जातो आणि तुमच्या छातीत धस्स होतं. मघाशी ही जागा नुसती मोठी होती. माणूस चालत गेल्यावर ती किती मोठी आहे ते कळलं.

हा क्षण सोबत ठेवा. पुढच्या प्रत्येक मुक्कामी तो लागणार आहे.

आता 1919 साल. गावाबाहेर तंबू लागलाय. यंत्राची कळ हाताने फिरते आहे आणि पडद्याशेजारी पेटी-तबला चालू आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ सुरू आहे. सुरुवातीलाच पडद्यावर एका लहान मुलीचा चेहरा येतो. ती हसते, रुसते, रागावते. ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. बघता बघता त्या चेहऱ्याचा कृष्ण होतो. मग डोहात उडी, पाण्याखालची झुंज, आणि अखेर कालियाची फणा वर येते. फणेवर ते पोर नाचतंय.

तुमच्या शेजारच्या आजींनी हात जोडलेत. पलीकडचा शेतकरी उकिडवा बसलाय. ही गोष्ट दोघांनाही तोंडपाठ आहे. तरी ते श्वास रोखून बघताहेत, कारण कीर्तनात ऐकलेला कालिया त्यांनी आजवर मनातल्या मनातच मापला होता. आज त्याच्या फणेवर एक मूल उभं आहे, म्हणून त्याचं आकारमान डोळ्यांना दिसतंय. आपल्या सिनेमातला हा पहिल्या काही महाकाय प्राण्यांपैकी एक. आणि त्याला मोठं कोणी केलं, तर सहा-सात वर्षांच्या एका मुलीने.

जुन्नरला परतण्याआधी 1954 सालच्या टोकियोत थोडं थांबा. नोव्हेंबर महिना आहे, ‘गोजिरा’ नुकताच प्रदर्शित झालाय. ज्याला आपण गॉडझिला म्हणतो, तोच हा. युद्ध संपून जेमतेम नऊ वर्षं झालीत. याच वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. थिएटरात बसलेल्यांनी जळतं शहर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पडद्यावरचा प्राणी 50 मीटर उंच आहे. आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या एका तबकडीचा व्यास 45 मीटर आहे, म्हणजे ती तबकडी उभी केली तरी त्याच्या उंचीला पुरणार नाही.

स्टुडिओत डोकावलात, तर दिसेल की त्या जड पोशाखाच्या आत हारुओ नाकाजिमा नावाचा नट घामाने निथळतोय. प्राणी प्रचंड दिसावा म्हणून शहरच पंचविसाव्या हिश्शाचं बांधलंय. त्याची डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी घडवली, राळ लावलेला चामडी हातमोजा एका मोठ्या तंतुवाद्याच्या तारेवर घासून. अगदी साध्या साधनांतून केवढी दहशत उभी राहिली!

चला, घरी. नव्वदच्या दशकाचा मध्य, चैत्र-वैशाखातली जत्रेची रात्र. गाव जुन्नर-आंबेगावातलं कुठलंही घ्या, मामाचं असेल तर उत्तमच. एका बाजूला तमाशाचा फड आहे, ढोलकी कडाडतेय. दुसऱ्या बाजूला टुरिंग टॉकीजचा तंबू. ट्रकवर प्रोजेक्टर, मागे धडधडणारा जनरेटर, आणि भोंग्यावरून एकाची हाळी: डोंगराएवढा राक्षस बघा, बायाबापड्यांनी पोरं जवळ घेऊन बसा! आत एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष, आणि पडद्याच्या अगदी पायाशी पोरं. तुम्हीही तिथेच बसा, मातीत. आज हिंदीत भाषांतर झालेला ‘जुरासिक पार्क’ आहे.

स्टीव्हन स्पीलबर्गच्या या दोन तासांच्या चित्रपटात डायनोसॉर जेमतेम पंधरा मिनिटं दिसतात. उरलेला वेळ वाट बघण्यात जातो, आणि गर्दीत बसून वाट बघायला फार मजा येते. गाडीतल्या पेल्यातलं पाणी थरथरतं. कोणीतरी ओरडतं, “आला रे आला!” पाऊस, वीज, आणि मग तो येतो. गाडीत दोन मुलं अडकलीत. पुन्हा मुलंच. तो डरकाळी फोडतो तेव्हा तंबूचं कापड हादरल्याचा भास होतो. त्या आवाजात हत्तीच्या पिल्लाचा चीत्कार आहे, वाघाची गुरगुर आहे, मगरीचा घोगरेपणा आहे. लेण्याद्रीच्या पाथरवटांनी हत्ती आणि सिंह खांबावर चढवले, या मंडळींनी हत्ती आणि वाघ आवाजात मिसळले. नवं अचाट घडवायला दोघांनीही ओळखीचीच जनावरं घेतली.

आता पडद्याकडे पाठ करून तंबूतले चेहरे बघा. कुकडीच्या कालव्यांचं पाणी आल्यापासून या भागात ऊस वाढलाय, आणि उसात बिबट्या वावरतोय. रात्री पाणी द्यायला जाताना तो दिसत नाही. दिसतो तो सकाळी चिखलातला ठसा, किंवा गोठ्यातला रिकामा दोर. या माणसांच्या आयुष्यातलं खरं भय कायम लपलेलं असतं. पाऊस येईल की नाही, टोमॅटोला भाव मिळेल की नाही, हेही तसंच, कुठूनही पूर्ण न दिसणारं. पडद्यावरचं भय मात्र नखशिखांत समोर उभं राहतं. ते सर्वांना एकाच वेळी दिसतं. तीनशे माणसं एकदम दचकतात आणि पुढच्याच क्षणी एकमेकांकडे बघून हसतात. एकट्याने घाबरलेला माणूस खचतो. सगळे मिळून घाबरलेली माणसं मोकळी होतात.

पहाटे घरी आल्यावर चुलीपाशी बसलेली आजी नातवाला विचारते, “केवढा मोठा होता रं?” पोर दोन्ही हात फाकवतं. हात पुरत नाहीत. मग ते दाराबाहेर पळतं, लिंबाच्या शेंड्याकडे बोट दाखवतं आणि म्हणतं, “त्याच्याबी वर!”

या चित्रपटांना पोरकट म्हणणाऱ्यांनी हे उत्तर ऐकायला हवं. भरतमुनींनी अद्भुत आणि भयानक हे दोन्ही रस शृंगार-करुणाच्या पंक्तीला बसवले होते, आणि महाकाय प्राण्याच्या चित्रपटात ते एकाच ताटात वाढले जातात. स्वतःपेक्षा प्रचंड काहीतरी समोर असावं आणि त्यापुढे लहान होताना अपमान वाटू नये, ही माणसाची जुनी भूक आहे. ती पैशानेच भागते असंही नाही. 2023 सालचा ‘गॉडझिला मायनस वन’ हॉलिवूडच्या मानाने अगदी थोड्या खर्चात झाला, आणि दृश्यपरिणामांचं ऑस्कर त्यानेच नेलं.

म्हणून पुढचा महाकाय प्राणी येईल तेव्हा तो मोबाइलवर पाहू नका. तळहातावरचा गॉडझिला तुमच्या अंगठ्याएवढा असतो, आणि त्या मापाने तुम्हीच राक्षस ठरता. जवळच्या थिएटरात जा, पुढच्या रांगेत बसा, घरातलं सर्वांत लहान मूल सोबत न्या. मोठेपण मोजायला माप लागतं, आणि ते माप म्हणजे पडद्यासमोर, माणसांच्या गर्दीत बसलेला तुमचा साडेपाच फुटांचा देह.