अंधारात दिशा सांगणारे दिवे : रिमोट हेलिकॉप्टरच्या रात्रउड्डाणाची हकीकत

१८६० साली सिन्स्टेडेन नावाच्या जर्मन वैद्याने एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. मावळतीच्या उजळ आकाशासमोर फिरणारी पवनचक्की तिरकस कोनातून पाहिली, की तिची पाती मध्येच उलट दिशेने फिरू लागल्याचा भास होतो. चक्कीची केवळ काळी आकृती दिसत असल्याने आपण तिला पुढून पाहतो आहोत की मागून, हे डोळ्याला ठरवता येत नाही. पवनचक्की जागची हलत नव्हती, म्हणून या भ्रमाने कोणाचे काही बिघडले नाही. शंभरेक वर्षांनी तोच भ्रम रिमोट हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांच्या वाट्याला आला, तेव्हा मात्र त्याची किंमत मोडलेल्या पात्यांनी चुकवावी लागली.

या खेळाची मूळ अडचण अशी, की चालक यंत्रात बसलेला नसतो. हेलिकॉप्टरची शेपटी त्याच्याकडे असते तोवर डावे ते डावे आणि उजवे ते उजवे. तोंड त्याच्याकडे वळले, की सारे उलटते : कांडी डावीकडे दाबावी, तर हेलिकॉप्टर चालकाच्या उजवीकडे सरकते. विमान निदान नाकाच्या दिशेने पुढे जाते, त्यामुळे त्याच्या गतीवरून तोंड कोठे आहे ते कळते. हेलिकॉप्टर मागे जाते, बाजूला सरकते, एका जागी तरंगते. निष्णात चालकाच्या हाती ते उलटे होऊनही उडते. गतीवरून काहीच अनुमान निघत नाही. अशा वेळी दिशेचा अंदाज चुकला, तर सुधारण्यासाठी दिलेली आज्ञाच चूक वाढवते आणि दोन-तीन सेकंदांत खेळ आटोपतो.

दिव्यांनी दिशा सांगण्याची युक्ती समुद्रावरची. १८४८ पासून ब्रिटिश आगबोटींना डाव्या बाजूस लाल आणि उजव्या बाजूस हिरवा दिवा लावणे बंधनकारक झाले. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९च्या पॅरिस करारात विमानांसाठीही तीच रीत घेतली गेली : डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा, शेपटीला पांढरा. समोरून येणाऱ्या यंत्राचा लाल दिवा आपल्या उजवीकडे दिसला, तर ते आपल्याकडे तोंड करून येत आहे, एवढे क्षणात कळते. मात्र जहाजाचे आणि विमानाचे हे दिवे दुसऱ्यांसाठी असतात. छोट्या हेलिकॉप्टरवर तेच दिवे त्याच्या स्वतःच्या चालकासाठी आले. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण पुढची सारी कारागिरी त्याच्यातूनच निघाली.

(दूरनियंत्रण आणि दिवे यांची सोबत तशी जुनीच. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने तारेविना चालणारी छोटी नाव लोकांना दाखवली, तेव्हा तिच्यावरचे दिवेही तो दुरून उघडझाप करून दाखवत असे.)

हवेत नीट आवरता येणारे रिमोट हेलिकॉप्टर मात्र १९६०च्या दशकाच्या अखेरीस जमले. त्याचे मोठे श्रेय जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांच्याकडे जाते. त्यांच्या ‘ह्यूई कोब्रा’ नमुन्याचे सुटे भाग १९७०च्या दशकाच्या आरंभी बाजारात आले आणि हा खेळ प्रयोगशील कारागिरांच्या हातून हौशी लोकांच्या हाती गेला. त्या काळी रात्री उडवणे म्हणजे धाडसच. तारेच्या बल्बला इंजिनाची थरथर सोसत नसे. शिवाय त्याची विजेची भूक मोठी आणि यंत्रावरची निकेल-कॅडमियम बॅटरी लहान. काही हौशी चालक मोडल्यावर उजळणाऱ्या रासायनिक प्रकाशकांड्या सांगाड्याला चिकटवून वेळ निभावत. त्या उजेडात यंत्र आहे हे समजे. ते कोणीकडे पाहते आहे हे समजेलच असे नाही.

ही कोंडी फोडली एलईडीने. १९६२मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी तयार केला. त्याला तुटणारी तार नव्हती. परंतु दीर्घकाळ लाल, पिवळ्या आणि मंद हिरव्या रंगांपुढे गाडी सरकेना. १९९३मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी साधला. त्यानंतर तीनच वर्षांनी त्या कंपनीचा पांढरा एलईडी आला. निळ्या प्रकाशाच्या या कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे नोबेल मिळाले. जगाच्या दृष्टीने ती घरातल्या दिव्याची क्रांती होती. मॉडेलवाल्यांच्या दृष्टीने तिने सांगाड्याला बाजूंगणिक वेगळा रंग दिला. त्यातच लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आणि विजेवर उडणारी छोटी हेलिकॉप्टरे आली. तीन घटांची बॅटरी ११.१ व्होल्टची. बाजारात मिळणारी १२ व्होल्टची एलईडी-पट्टी तिच्यावर सहज पेटते आणि दर तीन दिव्यांमागे कापता येते. कात्री, डाग देण्याचे यंत्र आणि चिकटपट्टी एवढ्यावर काम भागू लागले.

सांगाडा उजळला, तरी मुख्य पाती अंधारातच राहिली. फिरत्या पात्यांपर्यंत सांगाड्यातून वीज न्यायची, तर फिरत्या दांड्यावर सरकते जोड बसवावे लागतात. त्यांचे वजन आणि झीज छोट्या यंत्राला परवडत नाही. म्हणून पारभासक काचतंतूच्या पात्यातच दिवे आणि इवलीशी बॅटरी पुरण्याचा मार्ग निघाला. तो सोपा नव्हे. सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल, तर मध्यापासून २० सेंटिमीटरवर बसवलेला एक ग्रॅमचा तुकडा जवळजवळ पावणेदोन किलोच्या जोराने बाहेर ओढला जातो. त्यामुळे बॅटरी पात्याच्या मुळाशी ठेवतात, टोकाकडे फक्त हलके दिवे नेतात आणि दोन्ही पात्यांचे वजन काटेकोर जुळवतात. त्या पंख्याचे टोक ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास धावत असते. घरगुती डागकामाचा एखादा तुकडा तेथून सुटला, तर तो कोणाच्या दिशेने जाईल ते सांगता येत नाही.

आणि एवढे करून हाती लागते ते प्रकाशाचे एक वर्तुळ. ते देखणे असते यात वाद नाही, पण तिरकस पाहिल्यास त्याची लंबवर्तुळ कडा होते. तिची जवळची बाजू वर आहे की लांबची, हे डोळा ठरवू शकत नाही. सिन्स्टेडेनची पवनचक्की पुन्हा आकाशात उभी राहते! म्हणूनच जाणते चालक केवळ पात्यांवर विसंबत नाहीत. पात्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला वेगळे रंग, नाकाला पांढरा, शेपटीच्या दांडीवर लांब पट्टी, पायांना आणखी एक रंग, अशी योजना ते करतात. लाल-हिरव्याची परंपरा येथे नेहमीच कामाची ठरत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्क्यांना या दोन रंगांत भेद करणे अवघड जाते. त्यात अंधाराला सरावलेल्या डोळ्याला लाल रंग फिका आणि निळा-हिरवा उजळ दिसतो; चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ही गोष्ट नोंदवली होती. दिवे फार प्रखर केले, तर त्यांच्या झगमगाटात आकृतीच विरघळते. सजावटीच्या हौसेत ही शेवटची चूक सर्वाधिक घडते.

अमेरिकेतील मॉडेल-विमानचालकांच्या संस्थेने, ॲकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सने, रात्रउड्डाणासाठी केलेला नियमही दिव्यांची संख्या सांगत नाही. यंत्राचा कल आणि दिशा चालकाला सतत स्पष्ट दिसली पाहिजे, एवढीच त्याची अट.

२०१२च्या सप्टेंबरात ऑस्ट्रियातील लिंझ शहरावर ४९ प्रकाशमान ड्रोन एकत्र उडाले. २९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या विजय चौकात, ‘बीटिंग रिट्रीट’च्या सोहळ्यात, ही संख्या एक हजारावर गेली. त्या आकाशचित्रातील प्रत्येक ड्रोन उपग्रहाच्या संकेतांवरून आपली जागा ओळखतो आणि संगणकाच्या आज्ञेने रंग बदलतो. त्यातल्या एखाद्या ठिपक्याचे तोंड कोणीकडे आहे, हे खाली बसलेल्या प्रेक्षकाला कळत नाही. आणि ते कळण्याची गरज असलेला चालक तेथे उरलेलाच नसतो.