आरोपी स्पीकर, गुन्हा भलत्याचा

श्रावण लागला की अहिल्यानगर जिल्ह्यात सप्ताह बसतात. सरला बेटाच्या परंपरेतल्या लाखोंच्या सप्ताहापासून पाथर्डीच्या डोंगरातल्या शंभर उंबऱ्यांच्या वाडीपर्यंत रात्रीचे कीर्तन स्पीकरवरूनच कानी पडते. रंग चढत असताना एकदम ‘फट्’ असा आवाज येतो. मग खरखर सुरू होते, मग एक बाजू मुकी होते. मांडवात निकालही लगेच लागतो : “स्पीकर गेला. मशीन मोठं लावलं होतं ना!”

या निकालामागे साउंडवाल्यांचा एक सर्वमान्य सिद्धान्त आहे. मशीन, म्हणजे अॅम्प्लिफायर, स्पीकरपेक्षा लहान ठेवावे, की कॉइल, म्हणजे स्पीकरमधली तारेची गुंडाळी, जळत नाही. आणि फटफट ऐकू आली की कॉइल बदलावी. जळालेल्या कॉइली उघडून पाहणे हे माझे वर्षानुवर्षांचे काम आहे, आणि माझ्या टेबलावरचा पुरावा या सिद्धान्ताच्या विरुद्ध साक्ष देतो. निवाडा वाचकांनी करावा.

आधी प्रतिपक्षाची बाजू, काटछाट न करता. हा नियम अडाणीपणातून आलेला नाही. भोंग्यांच्या काळात एका मशीनवर चार युनिटे जोडली की मशीनचे वॅट त्या चौघांत वाटले जात. युनिटांची बेरीज मशीनपेक्षा जास्त ठेवली की काम निभावे. आणि प्रचंड मोठे मशीन बेफाम हाताने चालवले तर ते स्पीकर जाळते, हेही निर्विवाद आहे. पण यावरून ‘लहान मशीन सुरक्षित’ असे कसे सिद्ध होते?

कॉइल कशाने जळते? उष्णतेने. साध्या स्पीकरला दिलेल्या विजेचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग आवाज होतो. उरलेली सगळी कॉइल तापवते. म्हणून मशीनवर छापलेला आकडा गौण आहे. कॉइलमधून सरासरी किती वॅट सतत वाहिले, हे पाहायचे. १०० वॅटचे मशीन घ्या. शुद्ध स्वर देताना त्याची सरासरी १०० आणि शिखर २०० वॅट असते. माणसाच्या बोलण्यात शिखरे उंच आणि सरासरी अगदी कमी. शिखरे सरासरीच्या सोळापट धरली, तर कीर्तनकाराचा आवाज त्या मशीनवर स्वच्छ वाजतो तेव्हा कॉइलला जेमतेम १२-१३ वॅट मिळतात. आता मांडव भरतो, मागचे लोक ‘ऐकू येत नाही’ म्हणतात, बटण फिरत जाते. मशीनची कमाल गाठली जाते. शिखरे वर वाढू शकत नाहीत, त्यांचे माथे छाटले जातात. यालाच आपण ‘आवाज फाटला’ म्हणतो. पण शिखरांमधल्या दऱ्या मात्र भरत राहतात. सरासरी पन्नास होते, शंभर होते. माथे पूर्ण सपाट झाले तर तेच १०० वॅटचे मशीन, त्याचा वीजपुरवठा तग धरेल तर, २०० वॅटपर्यंत सरासरी ओतू शकते. बिचाऱ्या साउंडवाल्याने स्पीकर १०० वॅटचा निवडला होता आणि मशीनही १०० वॅटचे. हिशेब जुळला होता. कॉइल जळाली.

याच कामाला दुप्पट ताकदीचे मशीन लावले असते आणि हात आवरला असता, तर शिखरे अखंड राहिली असती आणि सरासरी इतकी वाढली नसती. लहान मशीन स्पीकरला वाचवत नाही. ते फाटायला लवकर लागते, एवढेच.

इथे थोडे शिकलेले लोक दुसरा सिद्धान्त पुढे करतात : माथा सपाट झाला म्हणजे तिथे डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, तयार होतो, आणि तो डीसी कॉइल जाळतो. ऐकायला शास्त्रीय वाटते. पण वर जितके छाटले तितकेच खाली छाटले, तर सरासरी व्होल्टेज शून्यच राहते; मग डीसी आला कुठून? याहून मोठा पुरावा पेटीतच असतो. फाटक्या आवाजाने बहुधा आधी मरतो तो टॉप, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर. आणि टॉपच्या वाटेत कपॅसिटर बसवलेला असतो, जो डीसीला पुढे जाऊच देत नाही. डीसी ज्याच्यापर्यंत पोचत नाही, तोच डीसीने कसा मेला? तो मरतो याचे कारण वेगळे. बास छाटला जात असताना वरचे सूर वाढतच राहतात, शिवाय छाटण्यातून नवे तीक्ष्ण सूर जन्मतात, आणि हा सगळा भार सगळ्यांत बारीक कॉइलवर पडतो.

खरा डीसी येतो तेव्हा तो लपत नाही. मशीनमधला आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की समजा ४० व्होल्ट थेट कॉइलवर बसतात. आठ ओहमच्या स्पीकरची तार मीटरवर सहाच्या आसपास दाखवते. गणित करा, अडीचशे वॅटच्या वर जाते, आणि तेही एका क्षणाची उसंत न देता. कोन एका बाजूला ढकलला जाऊन तिथेच थांबतो. एका मंडळाचे असे मशीन माझ्याकडे आले होते. त्यातला संरक्षणाचा रिले ‘सारखा टकटक करतो’ म्हणून आधीच्या कारागिराने तार टाकून कायमचा जोडून दिला होता. टकटक करून रिले ओरडत होता की आत बिघाड आहे. त्याचे तोंड बंद केले आणि दोन बास गेले. स्पीकर काढून मशीनच्या आउटपुटवर मीटर धरले असते तर दोन मिनिटांत कळले असते : पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, व्होल्टांत दिसला तर स्पीकर जोडायचाच नाही.

कॉइल, चुंबक आणि कोन ही रचना राइस आणि केलॉग या अभियंत्यांनी १९२५ साली मांडली, ती आजही मुळात तीच आहे. रचना साधी आहे, म्हणून मेलेली कॉइल खोटे बोलत नाही. सगळ्या वेढ्यांवर सारखा काळपटपणा आणि जळक्या वार्निशाचा वास असेल, तर ती सतत जास्त तापली. एकाच टोकाला जळाली असेल, तर ती बाहेर ढकलून धरली गेली होती; डीसीचा संशय घ्या. खालची कड चेपली असेल, तर बासच्या तडाख्याने ती मागच्या लोखंडावर आपटली. एकाच बाजूला ओरखडे असतील, तर फटीत धूळ शिरली किंवा कोन सरकला. कॉइल बदलणाऱ्यांपैकी किती जण जुनी कॉइल उजेडात धरून पाहतात?

राहिला ‘फट्’ आवाज. मशीन आधी चालू करून मागून मिक्सर चालू केला, तर फट्. कंडेन्सर माईकची ४८ व्होल्टची वीज चालू असताना पिन उपटली, तर फट्. वीज जनरेटरवर घेताना मशीन चालूच ठेवले, तर फट्. कीर्तनकाराने माईक ओठांशी धरून पांडुरंगाचा ‘प’ किंवा भक्तीचा ‘भ’ उच्चारला, तरी फट्. आपल्या भाषेत श्वास सोडणारी अक्षरे भरपूर, आणि मिक्सरवरचे लो-कटचे बटण दाबायला कोणी शिकवलेले नसते. यांत स्पीकरचा दोष कुठे आहे? तो आपल्यापर्यंत पोचलेले जसेच्या तसे सांगतो.

गेल्या वर्षी एका वाडीतला पोरगा मोटारसायकलवर पेटी बांधून आला. “मास्तर, डावा गेला. काल्याच्या कीर्तनाआधी कॉइल टाकून द्या.” मी मीटर लावले : ६.२ ओहम. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हलकेच दाबला. कुठे घासत नव्हता. दीड व्होल्टचा सेल टेकवला, स्वच्छ ‘टक’ आले. पेटी परत बांधायला लावली आणि त्याच्या मागे बसून मांडवात गेलो. डावा स्पीकर उजव्या तारेवर लावला, उजवा डाव्या तारेवर. फटफट डाव्या तारेवरच राहिली, आता ‘चांगल्या’ स्पीकरमधून. तार धरून मागे मागे गेलो. मिक्सरपाशी सतरंजीखालून तार जात होती, टाळकरी तिच्यावरून दिवसभर ये-जा करत होते. पिन उघडली. शिसे तडकलेले, तारेचा एकच केस चिकटून होता. नवी पिन लावली, तार बाजूने फिरवून घेतली. जुनी पिन माझ्या टेबलाच्या खणात आहे. कॉइल बदला म्हणणाऱ्याच्या हातात मी आधी ती ठेवतो.