अडलेले बाळंतपण : एका मूक व्यथेचा इतिहास

गावाच्या इतिहासात देवालये, शाळा, सहकारी संस्था यांची नोंद आवर्जून होते. माजघरातील दुःखांची मात्र सहसा होत नाही. अडलेल्या बाळंतपणामुळे स्त्रीच्या देहाला होणारी इजा हे असेच एक दुःख होय.

प्रसूती दोन-तीन दिवस अडून राहिली म्हणजे बाळाचे डोके व आईच्या ओटीपोटाचे हाड यांमध्ये मूत्राशय चेपले जाते. रक्तपुरवठा तुटून तेथील पेशी मरतात आणि काही दिवसांनी मूत्राशय व योनिमार्ग यांमध्ये छिद्र पडते. यालाच वैद्यकशास्त्र ‘फिस्चुला’ म्हणते. बाळ बहुधा दगावते आणि आईला अहोरात्र मूत्रस्राव सुरू होतो. घरात, पंगतीत अशा स्त्रीला दूर बसविले जाई. व्याधी देहाची, पण शिक्षा समाजाची!

हाडे पुरती न वाढलेल्या वयातील मातृत्व हे याचे एक मोठे कारण. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने 10 वर्षांची मर्यादा 12 वर नेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. डॉ. रा. गो. भांडारकर सुधारणेच्या बाजूने उभे राहिले. लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपास विरोध केला. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहवय 14 ठरविले. ते 18 होण्यास 1978 साल उजाडले.

या संदर्भात कोल्हापूरचा उल्लेख अपरिहार्य आहे. वयाच्या 14 व्या वर्षी माता झालेल्या आनंदीबाई जोशी यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. पुरुष डॉक्टरांपुढे स्त्रिया आपले दुखणे उघड करीत नाहीत, हे जाणून त्या अमेरिकेस गेल्या. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या, म्हणजेच आजच्या ‘सीपीआर’च्या, स्त्री-विभागासाठी त्यांची नेमणूक झाली. परंतु 26 फेब्रुवारी 1887 रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. तेच कार्य त्याच रुग्णालयात पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी केले. 1894 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. वानलेस यांनी मिरजेस रुग्णालय उघडले. त्याच मिशनच्या कार्यातून आपल्या कोडोलीतही रुग्णालय उभे राहिले. बैलगाडीच्या काळात अडलेल्या बाईस जवळचे दार मिळणे ही लहान गोष्ट नव्हती.

या व्याधीवरील शस्त्रक्रिया 1849 मध्ये अमेरिकेत डॉ. सिम्स यांनी यशस्वी केली. पण त्यासाठी अनार्का, ल्यूसी, बेट्सी अशा गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार प्रयोग झाले. त्या स्त्रियांचे ऋण वैद्यकशास्त्रावर आहे. 1974 मध्ये हॅम्लिन दांपत्याने इथिओपियात याच व्याधीसाठी स्वतंत्र रुग्णालय स्थापिले. छिद्र लहान व ताजे असल्यास काही आठवडे मूत्रनलिका ठेवूनही ते भरून येते; एरवी शस्त्रक्रिया करावी लागते. पुढील बाळंतपण मात्र सिझेरियनने करणे हिताचे.

आज आपल्या भागात रुग्णालयातील प्रसूती रूढ झाली आहे. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिकाही आहे. आता अशी छिद्रे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेतील इजेमुळेही आढळतात. तरीही ऊसतोडीच्या फडावरील, वाडीवस्तीवरील लेकीबाळींना वेळेवर वाहन मिळेलच असे नाही. मुलीचे लग्न 18 पूर्वी न करणे, कळा लांबताच विलंब न लावणे आणि मूत्रस्रावाची तक्रार लाजेपोटी न दडविणे, ही तीन पथ्ये प्रत्येक घराने पाळली, तर हे दुःख खऱ्या अर्थाने इतिहासजमा होईल.